१२३४५६७८९८७६५४३२१: एका सतरा अंकी संख्येची झाडाझडती, पायरीपायरीने

एखादी लांबलचक संख्या हाती आली की तिच्याबद्दल काय काय सांगता येतं? इंटरनेटवर अशा संख्यांसमोर तीस-चाळीस विशेषणांची जंत्री असते: विषम, संयुक्त, न्यून, हर्षद, पॅलिंड्रोम, ‘आनंदी’, ‘दुःखी’ वगैरे. जंत्री वाचून कळत काहीच नाही, कारण यांतली काही विशेषणं संख्येची असतात आणि काही फक्त तिच्या अंगावरच्या कपड्यांची. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून ती संख्या तशी दिसते. नऊच्या पटीत मोजलं की कपडे बदलतात, आतली संख्या तीच राहते.

म्हणून हा लेख एकाच संख्येवर बेतला आहे आणि तिची सगळी तपासणी कागदावर करता येण्याजोगी आहे. क्रम महत्त्वाचा: आधी बाक्या, मग वर्गमूळ, मग मूळ अवयव, आणि अंकांच्या गमतीजमती सगळ्यात शेवटी.

आधी हत्यारं तपासा

ही संख्या एक्सेलच्या चौकटीत टाईप करा. एंटर दाबल्यावर आत उरतं ते १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे दोन अंक गेले आणि कुठलीही सूचना आली नाही. एक्सेल फक्त १५ सार्थ अंक सांभाळतं. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला विचारलंत तर शेवटी ३२१ ऐवजी ३२० दिसेल. तिथे २ च्या ५३ व्या घातापर्यंतचे, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचे पूर्णांक हमखास नेमके राहतात. आपली संख्या त्याच्या पुढची आहे, आणि त्या पट्ट्यात जावास्क्रिप्टला फक्त सम संख्या ठेवता येतात. विषम संख्येला ते शेजारच्या सम संख्येवर ढकलतं.

यातून निघणारे घोटाळे साधे नसतात. ३०० ने संपणाऱ्या संख्येचे अवयव काढत बसलात तर २ आणि ५ सापडतील आणि तुम्ही भलत्याच संख्येचा अभ्यास कराल. पायथन या संगणकभाषेत पूर्णांक हवे तेवढे मोठे चालतात, ते वापरा. किंवा सरळ कागद-पेन्सिल घ्या. या संख्येला तेवढं पुरतं.

पायरी १: वाचा आणि आवाका घ्या

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले की ती अशी दिसते: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. कोटीच्या भाषेत वाचायची तर ‘१२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१’. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) स्थानांची अठरा नावं दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपल्या संख्येचा पहिला अंक ‘मध्य’ स्थानावर बसतो, परार्धाच्या एक पायरी अलीकडे.

पायरी २: बाक्यांची फेरी

शेवटचा अंक १, म्हणजे संख्या विषम आणि ५ ने न जाणारी. इथे दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका.

अंकांची बेरीज: १ ते ९ ची ४५, परत उतरताना ८ ते १ ची ३६, एकूण ८१. म्हणजे ९ ने नक्की भाग जातो. इथे घाई करणारे लगेच म्हणतात, ‘बेरीज ८१, म्हणजे ८१ नेही जातो.’ तसं ठरत नाही. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच खरी. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण २७ ने भागल्यावर बाकी ९ उरते. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो हे खरं, पण ते वेगळ्या कारणाने, आणि ते कारण पुढे येईल.

आता शाळेत सहसा न शिकवली जाणारी आणि सगळ्यात उपयोगी युक्ती. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा:

१२ | ३४५ | ६७८ | ९८७ | ६५४ | ३२१

सरळ बेरीज करा: १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७. ही ९९९ ची तिप्पट आहे. १००० ला ९९९ ने भागलं तर बाकी १, म्हणून गटांची बेरीज आणि मूळ संख्या यांची ९९९ ने भागल्यावरची बाकी सारखीच असते. इथे बाकी शून्य. आणि ९९९ = २७ × ३७. एका बेरजेत २७ आणि ३७ असे दोन भाजक हाती लागले.

तेच गट आता आळीपाळीने अधिक-उणे करा, उजवीकडून: ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. ही १००१ साठीची कसोटी, आणि १००१ = ७ × ११ × १३. ३०९ ला ७ ने भागलं तर बाकी १, ११ ने भागलं तर १, १३ ने भागलं तर १०. म्हणजे ७, ११, १३ तिन्ही बाद. सतरा अंकी संख्येचा एकही लांबलचक भागाकार न मांडता ३, ३७, ७, ११ आणि १३ यांचा निकाल लागला.

पायरी ३: पूर्ण वर्ग आहे का?

अवयवांच्या मागे लागण्याआधी हे विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर काम निम्म्याहून कमी होतं. पूर्ण वर्गाचा शेवटचा अंक ०, १, ४, ५, ६ किंवा ९ असतो आणि अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत गेलं तर १, ४, ७ किंवा ९ येतो. आपली संख्या दोन्ही चाळण्यांतून पार पडते. त्याने वर्ग असल्याचं सिद्ध होत नाही, फक्त शक्यता जिवंत राहते.

आता भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढा. उजवीकडून जोड्या: १ | २३ | ४५ | ६७ | ८९ | ८७ | ६५ | ४३ | २१. नऊ गट, म्हणजे वर्गमूळ नऊ अंकी. पहिला अंक १, बाकी शून्य. २३ खाली घ्या, भाजक २१, एकदा जातो, बाकी २. ४५ खाली, झाले २४५, भाजक २२१, एकदा, बाकी २४. ६७ खाली, २४६७ मधून २२२१ वजा, बाकी २४६. पुढे २२२२१, २२२२२१ असे भाजक येत जातात आणि प्रत्येक वेळी भाग एकदाच जातो. शेवटच्या पायरीला २२२२२२२२१ मधून २२२२२२२२१ जातात आणि बाकी शून्य. मी सुचवीन की हे एकदा खरंच हाताने करून पाहा. वर्गमूळाचा इतका देखणा भागाकार क्वचित मिळतो.

वर्गमूळ आलं १११११११११, नऊ एक. कारणही उघड आहे. १११११११११ ला स्वतःने गुणताना नऊ ओळी एकेक घर सरकवून मांडल्या जातात. उभ्या रकान्यांत अनुक्रमे १, २, ३ ... ९ ... ३, २, १ इतके एक येतात. एकाही रकान्यात ९ च्या पुढे बेरीज जात नाही, म्हणून हातचा येत नाही.

दहा एक घेतले की मधल्या रकान्यात १० येतात, हातचा सुरू होतो आणि डोंगर मोडतो: ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी ४: मूळ अवयव

सगळ्या कामाचा कणा हीच पायरी. आता सतरा अंकी संख्येशी झुंजायचं नाही, नऊ अंकी वर्गमूळ फोडायचं.

१११११११११ ची अंकबेरीज ९, म्हणून ९ ने भागा: १२३४५६७९ (हो, यात ८ नाही). गटांची बेरीज १२ + ३४५ + ६७९ = १०३६, म्हणजे ३७ × २८. म्हणून ३७ ने भागा: ३३३६६७.

आता प्रश्न असा की ३३३६६७ मूळ आहे का. याचं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ च्या मध्ये येतं. सरळ मार्गाने ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून पाहाव्या लागतील आणि त्या १०६ आहेत. करता येईल, पण थोडं डोकं वापरलं तर १७ वर काम भागतं.

३३३६६७ × ३ = १००१००१ हे पाहा, म्हणजे दहा लाख + एक हजार + एक. याला ९९९ ने गुणलं की ९९९९९९९९९ मिळतात. म्हणून ३३३६६७ ला भाग देणारी कुठलीही मूळ संख्या ९९९९९९९९९ लाही भाग देते. वेगळ्या शब्दांत, त्या मूळ संख्येने १० च्या नवव्या घाताला भागलं की बाकी १ येते. ही बाकी त्याआधीच, पहिल्या किंवा तिसऱ्या घाताला १ आली असती, तर १००१००१ ची बाकी १ + १ + १ = ३ झाली असती आणि ती मूळ संख्या ३ च असावी लागली असती. पण ३३३६६७ ची अंकबेरीज २८ आहे, ३ ने भाग जात नाही. म्हणजे आवर्तन (बाकी पहिल्यांदा १ येते तो घात) बरोबर ९ चं. फर्माच्या छोट्या सिद्धान्तानुसार हे आवर्तन त्या मूळ संख्येपेक्षा एकाने लहान संख्येला भागतं. मूळ संख्या विषम असल्याने, तिच्यातून १ वजा केला की १८ ने भाग गेलाच पाहिजे.

५७७ पर्यंत १८ ने भागल्यावर बाकी १ देणाऱ्या मूळ संख्या एवढ्याच: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सतरा भागाकार करा. १९ ने बाकी ८, ३७ ने बाकी १, १६३ ने बाकी ६, ५७७ ने बाकी १६१. उरलेल्यांतही शून्य कुठेच येत नाही. ३३३६६७ मूळ आहे.

सगळं जोडलं की:

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३ × ३ × ३ × ३ × ३७ × ३७ × ३३३६६७ × ३३३६६७

८१ ने भाग का जातो ते आता दिसतं: वर्गमुळात ९ आहे, म्हणून वर्गात ८१.

इथे एक इशारा. ही संख्या फुटली कारण ती आतून रचलेली होती. संख्या मूळ आहे की संयुक्त, हे ठरवणं तुलनेने सोपं आहे. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी त्यासाठी खात्रीची आणि सैद्धांतिकदृष्ट्या जलद रीत दिली. अवयव प्रत्यक्ष काढणं मात्र अजून अवघड आहे. शेकडो अंकी संख्येला हा लेख पुरणार नाही.

पायरी ५: अवयवांतून आपोआप पडणारी फळं

विभाजक किती? घातांकांत एकेक मिळवून गुणा: (४ + १) × (२ + १) × (२ + १) = ४५. विषम आले, कारण संख्या पूर्ण वर्ग आहे.

न्यून, परिपूर्ण की विपुल (म्हणजे स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमी, तितकीच की जास्त)? विभाजकांची पूर्ण बेरीज काढायची गरज नाही, फक्त तिचं संख्येशी गुणोत्तर पाहा. ३ चा वाटा (१ + ३ + ९ + २७ + ८१) ÷ ८१ = १२१ ÷ ८१, म्हणजे सुमारे १.४९४. ३७ चा वाटा १४०७ ÷ १३६९, सुमारे १.०२८. ३३३६६७ चा वाटा एकाहून नावापुरता जास्त. गुणाकार सुमारे १.५३५. हा २ पेक्षा कमी, म्हणून संख्या न्यून. ज्यांना नेमका आकडा हवाच असेल त्यांच्यासाठी: स्वतःसकट सगळ्या विभाजकांची बेरीज १८९५४२७९५९२८२७५७९.

आणखी एक फळ, आणि माझ्या मते या संख्येतलं सगळ्यात गोड. ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? नियम असा: ४ ने भागल्यावर बाकी ३ देणाऱ्या मूळ अवयवांचे घातांक सम हवेत. ३ आणि ३३३६६७ दोन्ही त्या जातीचे आहेत, आणि घातांक ४ व २, म्हणजे सम. ३७ ची बाकी १ आहे, खरी मदत त्याची: ३७ × ३७ = १३६९ = १४४ + १२२५, म्हणजे १२ चा वर्ग अधिक ३५ चा वर्ग. उरलेले अवयव एकत्र केले की ९ × ३३३६६७ = ३००३००३. याने १२ आणि ३५ ला गुणा:

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग

पायथागोरसचं त्रिकूट, आणि तिन्ही बाजूंचे अंक असे तालात. पूर्णांकी बाजूंचा आणि १११११११११ कर्णाचा काटकोन त्रिकोण हा एवढा एकच आहे, कारण ४ ने भागल्यावर बाकी १ देणारा अवयव कर्णात एकच आहे आणि तोही एकदाच.

शेवटचं फळ आवर्ती दशांशांचं. १ ÷ ३ ची माळ एका अंकाची, १ ÷ ३७ = ०.०२७०२७... ची तीन अंकांची, आणि १ ÷ ३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७... ची नऊ अंकांची. आवर्तन १ असलेली मूळ संख्या ३ सोडून दुसरी नाही, ३ आवर्तनाची ३७ सोडून नाही आणि ९ आवर्तनाची ३३३६६७ सोडून नाही. शेवटच्या विधानाची सिद्धता तुम्ही वर वाचलीच आहे: नऊचं आवर्तन असेल तर १००१००१ ला भाग गेलाच पाहिजे, आणि तिथे ३ व ३३३६६७ खेरीज कोणी राहत नाही.

पायरी ६: आता अंकांचा खेळ

इथपर्यंतचं सगळं संख्येचं स्वतःचं होतं. इथून पुढचं बरंचसं दशमान पद्धतीचं देणं.

पॅलिंड्रोम: उलट-सुलट सारखीच, दिसतंच आहे. पण नवमान पद्धतीत लिहिली तर ८१ ने भाग जात असल्याने ती दोन शून्यांनी संपते, आणि शून्याने संपणारी संख्या पॅलिंड्रोम असू शकत नाही. गुण गेला, संख्या मात्र तीच.

या प्रांतात पाऊल टाकलं की दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर भेटतातच. १९०५ मध्ये डहाणूला जन्म, आयुष्यभर देवळालीत शाळामास्तर, आणि हाती संख्या आली की तिला सोडायचं नाही हा स्वभाव. १, १२१, १२३२१ अशा चढत्या-उतरत्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिलं, जुन्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या, आजच्या डोंबिवलीच्या स्थानकावरून. आपली संख्या त्या माळेतली नववी, आणि न मोडलेल्या डोंगरांतली शेवटची.

हर्षद हे नावही त्यांचंच: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी संख्या. बेरीज ८१, भागाकार १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. हर्षद आहे.

कापरेकर संख्येची कसोटी वर्गमुळाला लावू. वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, बेरीज मूळ संख्येइतकी आली तर ती कापरेकर संख्या. १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. हवे होते नऊ एक, आले नऊ नऊ. नापास, पण काय थाटात! आता मघाचा दहा एकांचा मोडलेला डोंगर घ्या: १२३४५६७९००९८७६५४३२१ यात उजवीकडचे दहा अंक तोडा. १२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११. पास. सौंदर्य गेलं तिथे गुण आला.

हे असं का, तेही सांगता येतं. तुकड्यांची बेरीज म्हणजे ९९९...९ ने भागल्यावरच्या बाकीचाच प्रकार. म्हणून संख्या आणि तिच्या आधीची संख्या यांच्या गुणाकाराला तितक्याच नवांनी भाग जायला हवा. दहा नव म्हणजे दहा एकांची नऊपट, म्हणून आधीच्या संख्येला ९ ने भाग गेला की पुरे. दहा एकांतून १ वजा केला की नऊ एक व एक शून्य उरतात: १११११११११०. त्याची अंकबेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो. नऊ एकांतून १ वजा केला तर अंकबेरीज ८, भाग जात नाही.

स्वयंभू संख्या हा कापरेकरांचा आणखी एक प्रकार, जगात ‘देवळाली संख्या’ म्हणूनही ओळखला जाणारा. एखादी संख्या अधिक तिच्या अंकांची बेरीज, अशी रीत लावून जी मिळतच नाही ती स्वयंभू. आपली संख्या कुणापासून जन्मते का? सतरा अंकांची बेरीज फार तर १५३, म्हणून जन्मदाती असलीच तर ती आपल्या संख्येपेक्षा फार तर १५३ ने लहान असणार. पुढचे चौदा अंक तेच राहतील. त्यांची बेरीज ७५. शेवटच्या तीन अंकांची संख्या अशी हवी की ती + तिची अंकबेरीज + ७५ = ३२१, म्हणजे पहिल्या दोघांची बेरीज २४६. २४० + ६ = २४६. सापडली: १२३४५६७८९८७६५४२४० ची अंकबेरीज ८१, मिळवली की आपली संख्या. स्वयंभू नाही.

‘आनंदी’ संख्येची कसोटी (अंकांच्या वर्गांची बेरीज पुन्हापुन्हा करून १ वर पोचायचं) एका ओळीत संपवतो: ४८९, १६१, ३८, ७३, ५८, ८९, १४५, ४२, २०, ४, १६, ३७ आणि परत ५८. चक्रात अडकली. आनंदी नाही, आणि त्यातून फार काही कळतही नाही.

सरावाला

हाच क्रम १४२८५७ ला लावा. उत्तरं ताडून पाहण्यासाठी: गटांची बेरीज १४२ + ८५७ = ९९९. अवयव ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७. विभाजक ३२, त्यांची बेरीज २५५३६०, म्हणून न्यून. अंकबेरीज २७, भागाकार ५२९१, म्हणून हर्षद. वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ + १२२४४९ = १४२८५७, म्हणून कापरेकर. पूर्ण वर्ग नाही. तो का नाही हे अवयवांकडे नुसतं पाहून सांगता यायला हवं.